मोरीच्या पाण्याची वहिवाट

एकदा मी टाकीभर चांगलं पाणी ओतून दिलं. शुद्धीवर असताना, पदर खोचून, मोटर लावून. ओतण्याआधी त्यात ब्लीचिंग पावडरची अख्खी पिशवी रिकामी केली. पिशवीवर चमच्याचं काहीतरी माप छापलं होतं. पण मी आमटीत मीठसुद्धा कधी मापानं घातलं नाही, तिथं पावडरीचं काय!

कारण विचाराल, तर पाणी शिळं झालं होतं.

हसा, हसा. ज्यांनी धारवाडात आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळावर संसार केलेत ते हसणार नाहीत. उद्या पाणी येणार असं कळलं की आमच्याकडं घरोघरी आदल्या खेपेचं पाणी ओतून द्यायचे. घागरी पालथ्या, पिंपं पालथी, टाकी कोरडी. शिळी भाकरी आम्ही दह्यात कुस्करून, कांदा घालून, बोटं चाटत खाऊ. पाणी मात्र शिळं चालायचं नाही. तेच पाणी सवदत्तीच्या धरणात सहा-सहा महिने पडून असायचं, तिथं ते ताजंच. आमच्या टाकीत येऊन आठ दिवस झाले की शिळं! आणि हे शास्त्र पाळणारी मी कोण? तर हायस्कुलात भूगोल शिकवणारी, एम. ए. झालेली बाई. फळ्यावर जलचक्र असं सुरेख काढायची की तपासणीला आलेले साहेब उभे राहून बघायचे. समुद्र, ढग, पाऊस, नदी, पुन्हा समुद्र. निळ्या खडूचे बाण. घराच्या मोरीतून बाहेर निघणारा बाण मात्र मी जन्मात काढला नव्हता.

तो बाण कुठं जातो हे आमच्या घरमालकांना ठाऊक होतं. त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं म्हणा ना.

त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. सप्तापूरच्या उतारावर त्यांचं घर; खाली ते आणि आम्ही, वर एक अविवाहित प्राध्यापक. अण्णा एकेकाळचे वकील. उंच, वाळलेले, कानांवर केसांची झुडपं, अंगात गंजीफ्रॉक आणि धोतर. वकिली का सोडली याबद्दल गावात तीन गोष्टी होत्या. कुणी म्हणायचं, पाण्याचा एक खटला हरले म्हणून. कुणी म्हणायचं, तोच खटला जिंकले म्हणून. तिसरी गोष्ट त्यांच्या बायकोबद्दल होती, ती मी सांगणार नाही. त्यांना विचारलं की एकच उत्तर, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

घर बघायला आम्ही गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. कुठल्याही मालकानं विचारावं तसं त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मांसमच्छी खाता का तेही नाही. चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "घरात अंघोळी किती?"

मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे छताकडं बघत होते.

"म्हणजे, माणसं चार," मी कसंबसं म्हटलं.

"माणसं विचारली नाहीत, बाई. अंघोळी विचारल्या. रोज? दोन्ही वेळा? डोक्यावरनं आठवड्यात किती?"

परपुरुषानं भर दुपारी आपल्या डोक्यावरच्या अंघोळी विचाराव्यात, आणि आपण त्या बोटांवर मोजून सांगाव्यात! मी सांगितल्या. त्यांचा चेहरा खुलला. "छान. भरपूर आहेत. घर दिलं तुम्हाला. आता मागं चला, पाणी कुठं जातंय ते दाखवतो."

मी गेले नाही. नवी इरकल नेसले होते आणि मागच्या अंगणात चिखल होता. शिवाय पाणी कुठं जातं ते कशाला बघायचं? येतं कुठून ते बघितलं, नळ मोठा होता, काम झालं. हे मात्र सभ्यपणे त्यांच्यामागं जाऊन आले. "काय होतं?" विचारलं तर म्हणाले, "एक पन्हळ आहे. दगडी. भिंतीखालून पलीकडं जाते." मी म्हटलं, बरं.

पाणी वाचवा, थेंब थेंब जपा म्हणणारे मालक मी पुष्कळ बघितलेत. अण्णा त्यांतले नव्हते. अंघोळ चुकवली की अण्णा चिडायचे! थंडीच्या दिवसांत वरचे प्राध्यापक अंगावर दोन तांबे घेऊन कॉलेजात पळायचे. एकदा अण्णांनी त्यांना जिन्यातच अडवलं. "प्राध्यापक, परवा तुमचा हिस्सा आला नाही. काल अर्धा आला."

"कसला हिस्सा?"

"अंघोळीचा. तुम्ही इथं राहायचं तर अंघोळ करावी लागेल. फुकटचं राहणं नाही हे."

प्राध्यापक तत्त्वज्ञान शिकवायचे. ते परत वर टॉवेल आणायला गेले.

माझ्या मुलानं एकदा भडाभडा बादल्या ओतून दोन मिनिटांत अंघोळ उरकली, तर अण्णा बाहेरून काठीनं भिंत ठोकत ओरडले, "सावकाश रे! पूर आणतोयस काय? खाली वाफा फुटतो!" खाली म्हणजे कुठं, वाफा म्हणजे कुणाचा, हे विचारावं असं त्या घरातल्या भूगोलाच्या बाईला वाटलं नाही. तिला वाटलं, म्हातारा चळलाय.

रंगपंचमीला तर तमाशाच. आमच्याकडं रंगपंचमी जोरात. सगळं गाव हिरवं-जांभळं होऊन फिरायचं. अण्णा सकाळीच मागं जाऊन पन्हळीच्या तोंडात दगड आणि चिंध्या कोंबायचे आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. रंगलेल्या माणसाला आत प्रवेश नाही. रस्त्यावर बादली ठेवलेली, तिथं रंग उतरवायचा, मग आत. आमचे हे, बँकेतले अधिकारी, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर रस्त्यात उभे राहून कान चोळतायत, समोरून त्यांच्याच शाखेची कारकून मुलगी चालली आहे, आणि अण्णा खुर्चीतून सांगतायत, "मानेमागं राहिलाय, साहेब, मानेमागं!" मी महिनाभर त्या मुलीच्या नजरेला नजर दिली नाही. यांचं काय झालं असेल!

प्यायच्या पाण्यावर त्यांचं वेगळंच बोलणं. नळाला पाणी आलं की पहिला तांबा ते सवदत्तीच्या दिशेला धरायचे, यल्लम्माला दाखवायचे, मग घोट घ्यायचे. "मुक्कामाला आलंय," म्हणायचे. "मी मालक, तुम्ही माझे भाडेकरू. पाणी तुमचं भाडेकरू. नोटीस दिल्याशिवाय कुणाला बाहेर काढायचं नाही आणि बाहेर काढल्यावर ते कुठं राहील याची चौकशी करायची."

नदीच्या पाण्यासाठी आमच्या गावात बंद व्हायचे. दुकानं मिटायची, टायर जळायचे, शाळेला सुट्टी. त्या दिवशी अण्णा हमखास ओसरीवर येऊन उभे राहायचे. मी एकदा मोठ्या अभिमानानं म्हटलं, "आपल्या हक्काचं पाणी आहे, अण्णा. मिळायलाच पाहिजे."

"पाहिजेच की. वरच्याकडं मागायला आपल्याला तोंड आहे, बाई. खालच्यानं मागितलं तर द्यायला कान आहे काय?"

"खालचा कोण?"

"अख्ख्या हुबळी-धारवाडचं मोरीचं पाणी रोज कुठंतरी जातंय. ते काय आकाशात जातंय? नाल्याकाठी माणसं आहेत. पंप लावून ते उचलतात, त्यावर भाजी करतात, ती भाजी तुम्ही सुभाष रोडला घासाघीस करून घेता. धरणात आपला हिस्सा केवढा यावर सगळं गाव बोलायलंय. आपण खाली काय सोडतो त्यावर कुणी एक टायर जाळलाय?"

भाजीचं ऐकून मी इतकी हादरले की पुढचं ऐकलंच नाही. आठवडाभर मी पालेभाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. ते मिठाचं पाणीही मोरीतच गेलं, हे सांगायला नको.

आता त्या दिवसाकडं येते.

मे महिना होता. लेक बाळंतपणाला आलेली, नात जेमतेम दोन आठवड्यांची. गावात कावीळ आहे अशी कुजबुज बाजारात ऐकली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. टाकी साफ करायची या खेपेची पाळी आमची. उद्या पाणी येणार, असं पाणी सोडणाऱ्या माणसानंच सांगितलेलं. बाळंतिणीसाठी दोन हंडे आणि एक पिंप मी आधीच भरून झाकून ठेवलं होतं. अण्णा सुभाष रोडला तपकीर आणायला गेले होते. ते घरी असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

शिळ्या पाण्यात पावडर घातली, खराट्यानं घुसळली, तासभर ठेवली, आणि मोटर लावून ते सगळं न्हाणीघराशेजारच्या मोरीत सोडलं. पांढरंशुभ्र, फेसाळ पाणी सळसळत भिंतीखालून निघून गेलं. वासानं डोळे चुरचुरत होते. मला वाटलं, वा! स्वच्छता म्हणतात ती हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे नळाशी. नळानं आधी शिट्टी वाजवली, मग खोकला, मग तांबूस दोन थेंब टाकले, आणि गप्प झाला. वाटेत कुठंतरी मोठी पाइप फुटली होती. कधी दुरुस्त होईल ते कुणालाच सांगता येईना. टाकी लख्ख. आत आवाज दिला तर घुमत होता.

प्राध्यापक खाली येऊन टाकीत डोकावले. "शून्य," म्हणाले. तत्त्वज्ञानातलं ते त्यांचं एकमेव वाक्य जे मला कळलं.

आम्ही असे टाकीभोवती उभे असताना मागच्या दारातून एक बाई आली. काळीसावळी, माझ्याच वयाची, गुडघ्यापर्यंत चिखल. तिला मी गल्लीत कधीतरी पाहिलं होतं, डोक्यावर कोथिंबिरीची पाटी. अण्णा म्हणाले, "काय गं नीलव्वा?" तिनं ओंजळ उघडली. आत बोटभर रोपं होती, पानं कागदासारखी पांढरी. काही बोलली नाही. ओंजळीचा वास घेतला नि अण्णांकडं पुढं केली. अण्णांनीही वास घेतला. मग आमच्या टाकीत वाकून वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं.

ती पन्हळ, ते 'खाली', तो वाफा. इतक्या वर्षांचं सगळं एका क्षणात जुळलं आणि मी मटकन टाकीच्या कठड्यावर बसले.

"उठा," अण्णा म्हणाले. "ती कोर्टाची जागा आहे."

ते आत गेले आणि काळा कोट घालून आले. मे महिन्यात, गंजीफ्रॉकावर, खाली धोतर. मला वाटलं थट्टा चाललीय. टाकीच्या झाकणावर बसले की ते न्यायाधीश. धुण्याच्या दगडाशी गेले की नीलव्वाचे वकील. कपड्यांच्या दोरीखाली आले की माझे. प्रेक्षकांत प्राध्यापक, आमचे हे, आणि खिडकीत बाळाला घेतलेली लेक.

"नाव?" झाकणावरून प्रश्न आला.

"अण्णा, अहो, तुम्ही मला रोज..."

"कोर्टाची तुमची ओळख नाही. नाव?"

मी सांगितलं.

"व्यवसाय?"

"शिक्षिका. भूगोल."

"कोर्टाला वाईट वाटतं."

धोतर सावरत ते दगडाकडं गेले. आवाज चढला. "मिलॉर्ड, या घराच्या मोरीचं पाणी माझ्या पक्षकाराच्या वाफ्याला जातं. हिच्या सासूच्या काळापासूनची ही वहिवाट. पाणी येत राहील या भरवशावर हिनं मिरचीचं बी टाकलं. आसपासचे शेतकरी पाऊस पडला की हिच्याकडनं रोपं नेतात. तेच हिचं वर्ष. आरोपीनं त्याच वाटेनं विष सोडलं, आणि हिच्या घरी एका दिवसात वर्ष संपलं!"

इतक्या जोरात ओरडले की गल्लीतली दोन कुत्री उठून गेली. मग चार पावलं चालत दोरीखाली आले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "मिलॉर्ड, माझ्या अशिलाच्या मनात पाप नव्हतं. मोरीच्या पलीकडं जग आहे हेच तिला माहीत नव्हतं."

"हरकत आहे," मी म्हटलं. "मी एम. ए. आहे."

"तीच माझी सबब आहे, बाई. गप्प बसा. मी तुम्हाला सोडवायलोय."

आमचे हे वर्तमानपत्राआड थरथरत होते. नवरा म्हणजे काय ते अशा वेळी कळतं.

"नुकसानभरपाई देते मी," मी म्हटलं. खरंच द्यायला तयार होते.

अण्णा दगडाशी जाऊन ओरडले, "नोटा पेरायच्या काय?" मग झाकणावर बसले आणि पहिल्यांदाच नेहमीच्या आवाजात बोलले. "नीलव्वा, बी आहे?"

"थोडं हाय, अण्णारं. गाडग्यात."

"अजून पेरलं तर?"

"पेरलं तर पावसापत्तूर उगवंल. पर पाणी कुठलं? खड्ड्यातलं सगळं नासलंय. मोरी कोरडी."

आता दोघांच्याही नजरा माझ्या स्वयंपाकघराकडं वळल्या. दोन हंडे, एक पिंप. कधी न गरजणारी मी गरजले, "ते बाळंतिणीचं आहे! त्याला कुणी हात लावायचा नाही. तान्हं पोर आहे घरात!"

खिडकीतून नातीनं त्याच वेळी टाहो फोडला. साक्ष म्हणतात ती अशी.

अण्णा दगडाशी गेले, काही बोलले नाहीत. दोरीखाली आले, काही बोलले नाहीत. परत झाकणावर बसले. कोटाच्या आतून घाम गळत होता. मला भीती वाटायला लागली, ती त्यांचीच. हा माणूस खरंच माझ्या नातीचं पाणी मागेल असं मला वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, मागितलं तर नाही कशी म्हणू हे मला सुचेना. नीलव्वाच्या ओंजळीत ती पांढरी रोपं तशीच होती. ती कुठं टाकावी हेही तिला कळत नव्हतं.

"निकाल," अण्णा म्हणाले. "बाळाची अंघोळ थांबणार नाही. बाळंतिणीचीही नाही. कोर्टाला तो अधिकार नाही. पण अंघोळीचं पाणी कुणी घरात ठेवून घेत नाही. ते बाहेर येतंच. एक घागर आधी बाळाची, मग वाफ्याची. साबण बंद, डाळीचं पीठ लावा. पन्हळीत पावडर बसलीय, त्या वाटेनं सोडायचं नाही. अंघोळ मोठ्या परातीत घालायची, आणि ते पाणी आरोपीनं स्वतः कमरेवर घागर घेऊन खाली नेऊन घालायचं. नळ येईपर्यंत."

"आणि मी?" प्राध्यापकांनी घाबरत विचारलं. "माझ्याकडं दोनच बादल्या आहेत."

"तुमच्याकडनं कोर्टाला पहिल्यापासूनच अपेक्षा नाही."

वर्तमानपत्राआडून आवाज आला, "अपील करतेस का?"

मला कुठं जमिनीत गडप व्हावं असं झालं होतं.

त्याच दिवशी मी पहिली घागर घेऊन मागच्या दारानं उतरले. कमरेवर घागर घ्यायची सवय नाही, निम्मं पाणी लुगड्यावर. भिंतीवरून अण्णा बघत होते. "बाई, सांडायलंय! डावीकडं कलतंय!" भिंतीला वळसा घातला आणि मी थांबलेच. एवढी वर्षं मी या भिंतीला पाठ लावून भांडी घासत होते आणि भिंतीपलीकडं दोन हातांवर हे हिरवंगार राज्य होतं! मेथी, राजगिरा, कोथिंबीर, कडेला कर्दळीची झाडं. आमची पन्हळ एका फरसबंद खड्ड्यात उतरत होती. खड्ड्याशेजारी एक लांबट वाफा, त्यावर चुना फासावा तशी मेलेली रोपं. हजारोंनी असतील. ओंजळीत बघितलेली चार वेगळी, ही वेगळी.

नीलव्वानं तोवर शेजारी नवा वाफा केला होता. तिनं घागर घेतली आणि हातानं पाणी शिंपडायला लागली. वास घेतला, हसली. "हळद हाय. तेल हाय. चांगलं हाय."

रोज जायला लागल्यावर बोलणं व्हायला लागलं. तिचं मराठी आमच्यासारख्यांना भाजी विकून विकून झालेलं. एक दिवस म्हणाली, "तुमची लेक आली ते मला गल्लीच्या आदी कळलं, अक्का. हळदीचं पाणी आलं नव्हं."

मी म्हटलं, "आणखी काय काय कळतं गं?"

"डाळ करपली की कळतंय. सण असला की कळतंय. तुमच्या सासूबाई गेल्या तवा एका मागनं एक अंघोळी, पाणी थांबंना. मी हितं उभी राहून हात जोडले." मी काही बोलायच्या आत तिनं मान खाली घालून पुढं सांगितलं, "आनि महिन्यातनं एक रविवार काळं पाणी येतंय, तवा मी फळी टाकून अडवते. पानांस्नी सोसत न्हाई."

मी पन्नाशीची होते. केसांना रंग लावायची. दार लावून, रंगाची पाकिटं कणकेच्या डब्यामागं लपवून. आमच्या ह्यांनाही माझे केस जन्मजात काळे आहेत असंच वाटायचं.

"अण्णांना माहीत आहे?" पदर डोक्यावर ओढून घेत मी विचारलं.

"अण्णांनीच सांगितलंय की, फळी टाक म्हणून. पर बाईस्नी बोलू नगंस, म्हणाले. बाईमाणसाची गोष्ट हाय."

मी घागर उचलून तरातरा वर आले. भिंतीशी अण्णा होते. आकाशाकडं बघत होते. त्या दिवसापासून मी रंग लावणं बंद केलं, आणि शाळेत सगळ्यांना वाटलं, नात झाल्यावर बाईंनी वय मान्य केलं. तेवढाच माझा फुकटचा मोठेपणा.

एका सकाळी नवा वाफा भेगाळलेला दिसला. वाकून बघितलं तर मान मोडून उभं राहायला बघणारे हिरवे कोंभ. नीलव्वा नुसती बोटानं दाखवत राहिली, इथं, इथं, इथं. मी वर जाऊन लेकीला ओरडून सांगितलं. लेक म्हणाली, "आई, बाळ झोपलंय." त्यानंतर नळाला पाणी आलं. कुणीही काहीही ओतून दिलं नाही. अण्णांनी तांबा सवदत्तीकडं धरला आणि प्राध्यापक पळत अंघोळीला गेले. पाऊस आला तोवर रोपं निघाली. दरवर्षीच्या निम्मीच निघाली. निम्म्या शेतकऱ्यांना नीलव्वाला नाही म्हणावं लागलं, आणि पुढच्या वर्षी त्यांतले काही तिच्याकडं परत आलेच नाहीत. हे मी लपवत नाही.

आता आम्ही हुबळीला विद्यानगरात असतो. नळ दिवसभर वाहतो. कॉलेजात जाणारी ती नात अर्धा अर्धा तास न्हाणीघरात असते आणि मी बाहेरून काठी आपटते. तिला वाटतं, आजी चळलीय. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं, तरी भेटायला गेलेल्या प्रत्येकाला विचारायचे, "अंघोळ झाली?" त्यांच्या मुलांनी घर विकलं, नव्या मालकानं सगळं पाणी जमिनीखालच्या गटाराला जोडलं, आणि नीलव्वाच्या वाफ्यांच्या जागी आता गाड्या उभ्या असतात. नीलव्वा कुठं गेली मला ठाऊक नाही. मी शोधलं नाही, हेच खरं.

पण सांगायचं होतं ते त्या पावसातलं. रोपं विकून झाल्यावर एका संध्याकाळी ती वर आली, कोथिंबिरीची जुडी घेऊन. मी दारात बसले होते. तोवर मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटायला लागलं होतं. घागरी वाहिल्या, शिक्षा भोगली, रोपं वाचवली. एखादं कौतुक कानावर पडायला काय हरकत होती? म्हणून मी मुद्दामच विषय काढला. म्हटलं, "नीलव्वा, त्या दिवशी एवढं नुकसान झालं, पण तू मला एक शब्द बोलली नाहीस. मी असते तर आकाशपाताळ एक केलं असतं. मन मोठं आहे बाई तुझं."

तिनं जुडी माझ्या मांडीवर ठेवली. हसली, पण नेहमीसारखं नाही. मग जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"मोठं मन कुठलं, अक्का. मी भांडले तर तुम्ही मोरीचं तोंड दुसरीकडं फिरवाल. अण्णा हाईत तवर माझ्यासाठनं तेच भांडत्यात. त्यांच्या मागनं मला तुमच्याशीच गोड बोलून पाणी घ्यायचं हाय की."